आत्याच्या जमिनीखालचं तेल

तेल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर शेंगदाण्याच्या तेलाचा डबा येतो, त्याचा चढलेला भाव येतो आणि महिनाअखेरीला 'आज भजी नकोत' असं मुलांना सांगणारा आपलाच आवाज येतो. माझंही तसंच होतं. पण २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी अमेरिकेत टेक्सासला माझ्या आत्याकडे जाऊन आले आणि तेलाची एक वेगळीच गोष्ट घेऊन आले. ही गोष्ट कढईतल्या तेलाची नाही. ती जमिनीखालच्या तेलाची आहे, त्याच्या चेकची आहे, त्यावरच्या कराची आहे, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याच्या कपाटातल्या न उघडलेल्या कागदांची आहे. म्हणूनच ती तुम्हांला सांगावीशी वाटली.

आत्या लग्न होऊन १९८१ साली अमेरिकेला गेली. आतोबा इंजिनिअर होते. सॅन अँटोनियो शहरात त्यांनी घर केलं, एक मुलगी झाली, ती शिकून दूरच्या राज्यात नोकरीला गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आतोबा गेले. तेव्हापासून आत्या एकटीच. आठवड्यातले तीन दिवस वाचनालयात काम करते, बाकीचे दिवस बागेत. बाबा मला म्हणाले, "तुझ्या शाळेला सुटी आहे ना? मग जा, महिनाभर राहून ये. फोनवर ती काही सांगत नाही." सासूबाईंनी "घराचं मी बघते" म्हणून धीर दिला, आणि सांगलीची मी एकटी विमानात बसले.

ते पाकीट

पहिले आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी दुपारी टपालातून एक लांबट पाकीट आलं. आयकर खात्याचं. आत्यानं ते उघडलं, वाचलं आणि पोळीचं पीठ तसंच ठेवून खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पाहून मी गॅस बंद केला.

मजकूर थोडक्यात असा होता: तुम्हांला २०२३ सालात एका तेल कंपनीकडून १२,००० डॉलर रॉयल्टी मिळाल्याचं कंपनीनं आम्हांला कळवलं आहे. तुमच्या विवरणपत्रात ती दिसत नाही. त्यावर २,६४० डॉलर कर निघतो, व्याज वेगळं. मान्य असेल तर भरा, नसेल तर ३० दिवसांत कारणांसह कळवा.

"अगं, पण कर कापूनच तर चेक येतो!" आत्या म्हणाली आणि आत जाऊन बुटांचं एक खोकं घेऊन आली. त्यात चेकबरोबर येणाऱ्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या होत्या. एका चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, टॅक्स म्हणून लिहिलंय. पुन्हा कसला कर?"

मी मराठीची बी.ए., दुपारच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी बाई. मला काय कळणार? पण घरात दुसरं होतंच कोण? त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी चष्मे लावून बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस बसतच राहिलो.

जमिनीखालचं तेल कुणाचं?

आधी हेच मला कळेना, की तेल कंपनी आत्याला पैसे का देते. आपल्याकडे शेतात तेल लागलं तर ते शेतकऱ्याचं होत नाही. शेतकऱ्याला जमिनीच्या वापराची भरपाई मिळते, पण तेलावरची रॉयल्टी जाते सरकारकडे. जमिनीवरच्या विहिरींची राज्य सरकारला, आणि १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायसारख्या समुद्रातल्या विहिरींची केंद्र सरकारला. तहसील कचेरीत मुरूम किंवा वाळू उचलायला जे 'स्वामित्वधन' भरतात, तीही रॉयल्टीच.

अमेरिकेत मात्र जमिनीखालचं तेल, वायू, खनिज खाजगी माणसाच्या मालकीचं असू शकतं. इतकंच नव्हे, वरची जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असंही तिथे सर्रास असतं. जमीन विकताना कित्येक जण खालचा हक्क स्वतःकडे ठेवून घेतात. टेक्सासात १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँट गावाजवळ स्पिंडलटॉपची विहीर उसळली, तेव्हापासून तिथल्या कितीतरी कुटुंबांत सोन्याच्या पाटल्यांसारखा हा हक्क पिढ्यान् पिढ्या वाटला जातो.

आतोबांनी १९९६ मध्ये शहराच्या दक्षिणेला २० एकर माळरान घेतलं होतं. शनिवार-रविवारी मोकळी हवा, चार झाडं, एवढाच हेतू. विकणाऱ्यानं खालचा हक्क राखून ठेवला नव्हता, हे त्यांचं नशीब. २००८ च्या सुमारास त्या भागात ईगल फोर्ड नावाच्या खडकाच्या थरात तेल आणि वायू असल्याचं उघड झालं आणि कंपन्यांची माणसं दारोदार फिरू लागली. आतोबांनी २०१० मध्ये भाडेकरार केला: सही करताना एकदाच मिळणारी रक्कम, तिला तिथे 'बोनस' म्हणतात, आणि तेल निघालं तर विक्रीचा पाचवा हिस्सा रॉयल्टी. पूर्वी आठवा हिस्सा ही रीत होती. आता पाचवा, कुठे कुठे चौथाही मिळतो.

मग पाचवा हिस्सा म्हणजे केवढा? कंपनी शेजारपाजारच्या जमिनी एकत्र करून एक मोठा गट करते. आत्याचा गट ६४० एकरांचा. त्यातले तिचे २०. २० भागिले ६४०, त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.००६२५. हा आकडा प्रत्येक चिठ्ठीवर छापलेला असतो. गटातून महिन्याला १,००,००० डॉलरचं तेल विकलं गेलं तर आत्याचे ६२५. सातवीतल्या मुलालाही जमेल असं गणित, पण आत्यानं ते पंधरा वर्षांत कधी करून पाहिलं नव्हतं. "ते बघायचे ना सगळं," एवढंच तिचं उत्तर.

चिठ्ठीवरचा 'टॅक्स' कुठला?

आता त्या कापलेल्या कराकडे येऊ. टेक्सासमध्ये जमिनीतून तेल बाहेर काढलं की राज्य सरकार त्याच्या किमतीवर ४.६ टक्के कर घेतं, नैसर्गिक वायूवर ७.५ टक्के. हा उत्पादनावरचा कर. कंपनी तो परस्पर कापून भरते आणि राहिलेल्या रकमेचा चेक पाठवते. आत्यानं पाहिला तो हाच कर.

पण उत्पन्नावरचा कर वेगळा. तो केंद्र सरकारचा, आणि तो आपल्याला स्वतः विवरणपत्रात दाखवून भरावा लागतो. म्हणजे दुधाच्या संस्थेनं आपल्या बिलातून कपात करून घेतली, म्हणून आयकर भरून झाला असं होत नाही, तसंच हे. टेक्सास राज्याचा स्वतःचा आयकर नाही, तेवढी आत्याची सुटका. पण ओक्लाहोमासारख्या राज्यात विहीर असती तर त्या राज्याचंही विवरणपत्र भरावं लागलं असतं, मालक दुसरीकडे राहत असला तरी.

आणखी एक गंमत आहे, जिच्यात पुष्कळ जण फसतात. कंपनी आयकर खात्याला जी रक्कम कळवते ती कपातीच्या आधीची, पूर्ण. आत्याच्या हाती वर्षात चेक आले ११,४४८ डॉलरचे. कळवले गेले १२,०००. मधले ५५२ म्हणजे उत्पादन कर. विवरणपत्रात पूर्ण १२,००० दाखवायचे आणि ५५२ खर्च म्हणून वजा करायचे. हाती आलेलीच रक्कम दाखवली तर आकडे जुळत नाहीत आणि असंच पाकीट येतं. काही चिठ्ठ्यांवर तेल-वायू गोळा करण्याचा, दाबाचा, वाहतुकीचा खर्चही कापलेला असतो. तोही नीट टिपून ठेवावा लागतो.

आतोबांची वही

तिसऱ्या दिवशी मी आत्याला विचारलं, "काका हे सगळं कुठे लिहून ठेवायचे?" ती म्हणाली, "त्यांच्या खोलीतल्या कपाटात असेल. मी उघडलं नाही अजून."

अडीच वर्षं ते कपाट बंद होतं. मी काही बोलले नाही. दुपारी तीच उठली, किल्ली शोधून आणली आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात इस्त्रीचे शर्ट, खालच्या कप्प्यात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही. आपल्याकडच्या किराणा दुकानात असते तशी, इथूनच नेलेली. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली 'तेलाचा हिशेब'. सगळी वही मराठीत. महिना, निघालेलं तेल, भाव, आपला हिस्सा, कापलेला कर, हाती आलेली रक्कम. वर्षाच्या शेवटी एक बेरीज आणि तिच्याखाली दर वर्षी एक ओळ: 'घट १५ टक्के'. शेवटची नोंद ऑक्टोबर २०२२ ची.

आत्या बराच वेळ ते अक्षर बघत बसली. मग म्हणाली, "बघ, सगळं मराठीत लिहिलं होतं. मला वाचता आलं असतं की गं."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

घट म्हणजे काय?

'घट १५ टक्के' या ओळीनंच आमचं कोडं सोडवलं. इंग्रजीत त्याला डिप्लीशन म्हणतात. कल्पना सोपी आहे. समजा, तुमच्या घरात वडिलांनी भरून ठेवलेली धान्याची कणगी आहे. तुम्ही दर महिन्याला थोडं धान्य विकता. आलेले पैसे सगळे कमाई म्हणायचे का? नाही. कारण कणगी रिकामी होत चालली आहे. त्या पैशातला काही भाग ही तुमचीच ठेव परत येते आहे. जमिनीखालचं तेलही असंच. एकदा निघालं की पुन्हा भरत नाही. म्हणून कायदा म्हणतो, दर वर्षी काही रक्कम घट म्हणून वजा करा.

ती काढायच्या दोन रीती आहेत. पहिली टक्क्यांची: पूर्ण रॉयल्टीच्या १५ टक्के. हिच्यामागे मोठा इतिहास आहे. १९२६ साली हा दर साडेसत्तावीस टक्के होता, १९६९ च्या कायद्यानं तो २२ वर आणला, आणि १९७५ मध्ये बड्या तेल कंपन्यांची ही सवलत काढून घेतली गेली. आज ती राहिली आहे छोट्या उत्पादकांना आणि रॉयल्टी घेणाऱ्यांना. त्यांनाही रोजच्या सरासरी १,००० बॅरलपर्यंतच. आत्याचा हिस्सा वर्षाला १५० बॅरल, म्हणजे दिवसाला अर्धं बॅरलही नाही. हे ऐकून ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. आणखी एक मर्यादा: ही वजावट माणसाच्या एकूण करपात्र उत्पन्नाच्या ६५ टक्क्यांहून जास्त होऊ शकत नाही, उरलेली पुढच्या वर्षी नेता येते.

दुसरी रीत मूळ किमतीची. तुमच्या हक्काची किंमत भागिले जमिनीत शिल्लक असलेलं तेल, गुणिले त्या वर्षी विकलेलं तेल. ज्या रीतीनं वजावट जास्त येईल ती घ्यायची. आतोबांनी माळरान स्वस्तात घेतलेलं, त्यामुळे त्यांना पहिलीच रीत फायद्याची होती. या रीतीचं वैशिष्ट्य असं, की मूळ किंमत वसूल होऊन गेली तरी १५ टक्के वजा करता येतात.

एक सावधगिरी: करार करताना मिळणाऱ्या बोनसवर हे १५ टक्के मिळत नाहीत. बोनस हा भाड्यासारखा धरतात.

विधवेसाठी एक तरतूद

आतापर्यंत आम्ही दोघींनीच दिवे लावले होते. पण पुढचं काम जाणकाराचं. मुलीनं फोन करून तिकडच्याच एका हिशेबनीस बाईंचं नाव मिळवलं, ज्या तेलाच्याच जमिनींची कामं बघतात. आम्ही वही, चिठ्ठ्या आणि पाकीट घेऊन गेलो. त्यांनी वही चाळली, मराठी त्यांना येत नव्हती पण आकड्यांवरून सगळं कळलं. मग त्यांनी आत्याला एकच प्रश्न विचारला: "तुमचे पती गेले तेव्हा या हक्काची किंमत काढून घेतली होती का?"

का, ते ऐका. अमेरिकेत मालक वारला की वारसाच्या हाती मालमत्ता येते ती त्या दिवसाच्या बाजारभावानं. जुनी खरेदी किंमत पुसली जाते. आणि टेक्सासात नवराबायकोनं संसारात कमावलेली मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. तिथे एक जण गेला की दोन्ही अर्ध्यांची किंमत नव्यानं धरली जाते. म्हणजे आत्याची कणगी हिशेबापुरती नव्यानं भरली होती, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

त्या बाईंनी एका पेट्रोलियम इंजिनिअरकडून नोव्हेंबर २०२२ ची किंमत काढवून घेतली. हक्काची किंमत ६०,००० डॉलर आली, आणि आत्याच्या हिश्श्याचं शिल्लक तेल अंदाजे ३,००० बॅरल. म्हणजे बॅरलमागे २० डॉलर. २०२३ मध्ये विकलं गेलं १५० बॅरल. घट झाली ३,००० डॉलर. टक्क्यांच्या रीतीनं ती १,८०० च आली असती. अर्थात अशी किंमत काढायलाही पैसे पडतात. हक्क अगदी चिमूटभर असेल तर तो खर्च परवडत नाही आणि १५ टक्क्यांवर भागवलेलं बरं, हेही त्या बाईंनीच सांगितलं.

मग हिशेब असा मांडला:

पूर्ण रॉयल्टी: १२,०००
वजा उत्पादन कर: ५५२
वजा जिल्ह्याचा मालमत्ता कर (तेल निघणाऱ्या हक्कावर तोही असतो): २४८
वजा घट: ३,०००
करपात्र राहिले: ८,२०० डॉलर

आत्याच्या उत्पन्नाच्या वरच्या थराला दर २२ टक्के. ८,२०० वर कर झाला १,८०४ डॉलर. खात्यानं मागितले होते २,६४०. म्हणजे ८३६ डॉलरचा फरक. खात्यानं काही लबाडी केली नव्हती. त्यांच्यापुढे फक्त कंपनीनं कळवलेली रक्कम होती; वजावटी आपण मागितल्याशिवाय ते कशा देणार?

हा तक्ता 'शेड्यूल ई' नावाच्या पत्रकात भरायचा असतो. घरभाड्याचं उत्पन्नही तिथेच दाखवतात. कंपनी जे पत्रक पाठवते त्याचं नाव '१०९९-मिस्क'. वर्षात दहा डॉलरची रॉयल्टी असली तरी ते पाठवावं लागतं, आणि ३१ जानेवारीपर्यंत. नुसती रॉयल्टी घेणाऱ्याला त्यावर स्वयंरोजगाराचा जादा कर बसत नाही. पण विहिरीच्या खर्चात ज्याची भागीदारी असते त्याचा मामला निराळा. तो धंदा धरतात आणि त्याचं पत्रकही वेगळं.

मुदतीच्या आत उत्तर गेलं: पत्र, पत्रक, बारा चिठ्ठ्यांच्या प्रती, किंमतीचा दाखला. २०२४ चं विवरणपत्रही तसंच चुकलं होतं. ते मागणी येण्याची वाट न पाहता आत्यानं आपण होऊन दुरुस्त करून पाठवलं. मी परत आल्यावर दोन महिन्यांनी तिचा फोन आला. खात्यानं हिशेब मान्य केला होता. कर आणि थोडं व्याज भरून ती मोकळी झाली. आता ती वर्षातून चार वेळा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला, अंदाजे कर आधीच भरून टाकते, म्हणजे शेवटी एकदम बोजा नको. "संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर एक हप्ता," असं तिनं लक्षात ठेवलंय.

गोड पत्रं

एक गोष्ट राहिलीच. त्या खोक्याच्या तळाशी एक पत्र होतं. आतोबा गेल्यावर महिन्याभरातच आलेलं. कुणा खरेदीदारानं मोठ्या सहानुभूतीनं लिहिलं होतं, की तुमच्या डोक्याला ताप नको, तुमचा तेलाचा हक्क आम्ही २५,००० डॉलरला घेतो, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. आत्यानं सही केली होती! फक्त पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं, म्हणून ते खोक्यात पडून होतं. नंतर किंमत निघाली ६०,०००. दुःखात असलेल्या बाईच्या दारात सगळ्यात आधी घाई करणारा माणूस उभा राहतो, हे तिकडेही खरं आणि इकडेही खरं. अशा वेळी एकच उत्तर द्यावं: "वर्षभर मी कशावरही सही करणार नाही."

आणि इकडे वारसा आला तर?

मी निघायच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाली, "दादाच्या नावे थोडा हिस्सा करून ठेवू का?" आम्ही तेही विचारून घेतलं. भारतात राहणाऱ्या माणसाकडे असा हक्क गेला तर अमेरिकेत त्याच्या पूर्ण रॉयल्टीतून ३० टक्के कर आधीच कापला जातो, वजावटी न धरता. तिथे दर वर्षी विवरणपत्र भरून, खर्च आणि घट वजा करून राहिलेल्या रकमेवर कर भरण्याचा पर्याय निवडता येतो, पण तो आपणहून निवडावा लागतो. शिवाय इथला रहिवासी असला की जगभरातलं उत्पन्न भारताच्या विवरणपत्रात दाखवायचं, परदेशी मालमत्ताही नोंदवायची, आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे मागायची. बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं, मला त्यापेक्षा तिथले पेकान पाठव." पण तुमच्यापैकी कुणाचे भाऊ, दीर, मुलं तिकडे असतील आणि अशी काही जमीन असेल, तर हे कानावर असलेलं बरं. अमुक एका बाबतीत काय करायचं ते मात्र जाणकाराला विचारूनच ठरवा.

आपलं कपाट

आता तुम्ही म्हणाल, आमच्या अंगणात कुठे तेल लागलंय? खरं आहे. पण आपल्या घरी विम्याची पॉलिसी असते, मुदत ठेव असते, नवऱ्यानं मित्राबरोबर घेतलेला प्लॉट असतो, सासऱ्यांच्या नावावर राहिलेली शेती असते. त्यातलं काय आपल्याला ठाऊक असतं? आत्या काही अडाणी नव्हती. तिनं चाळीस वर्षं परदेशात संसार केला, गाडी चालवली, नोकरी केली. फक्त एक कपाट 'त्यांचं' म्हणून कधी उघडलं नाही, आणि त्यांनीही 'तू कशाला डोकं शिणवतेस' म्हणून कधी उघडून दाखवलं नाही. दोघांनीही एकमेकांवरच्या मायेनंच केलं. पण मायेनं केलेली चूकही चूकच.

म्हणून घरी आल्यावर मी एक वही केली. पहिल्या पानावर घरातल्या कागदांची यादी: काय आहे, कुठे ठेवलंय, कुणाच्या नावावर, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय. दुसऱ्या पानावर पैसे कुठून येतात आणि त्यावरचा कर कोण, कधी भरतं. बँक व्याजावर कर कापते म्हणजे आपलं काम संपलं असं नाही, हेही मी त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण आत्याची चूक माझ्याही हातून होत होती. तिसऱ्या पानावर ज्यांना विचारायचं त्यांची नावं.

यजमान आधी हसले. "काय गं, मला एवढ्यात पाठवतेस की काय?" म्हणाले. मी आत्याची गोष्ट सांगितली. मग पुढच्या रविवारी दुपारी, चहाचा कप घेऊन, ते स्वतःच माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लिही. पहिलं, पोस्टातलं."

चार रविवार लागले. त्यांना स्वतःलाच विसर पडलेली एक ठेव सापडली. तुम्हीही बसून बघा.